सागाच्या पानाचा दुपट्टा

माझ्या घरात पानाचा ठसा नसलेलं कापड शोधायचं असेल तर सरळ माझ्या अंगाकडे बघावं. खिडक्यांच्या पडद्यांवर साग आहे, दिवाणावरच्या चादरीवर एरंडी आहे, उशांच्या अभ्र्यांवर तेंदू आहे. फ्रीजवर टाकलेल्या फडक्यावर गुलाबाची पानं आहेत. नागपूरला मुलीकडे चादरी गेल्या, सुनेला ओढणी मिळाली, शेजारणीच्या नातवाला दुपटं मिळालं आणि ते पोर त्या दुपट्याचं दिवसभर काय करतं ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र काही मिळालेलं नाही. बायकोला वाटतं माझं तिकडे लक्षच नाही. माझं पूर्ण लक्ष आहे.

मी कापडवाला माणूस. गोंदियाहून कामठ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी आयुष्यभर चालवलं, आता मुलगा चालवतो आणि मी सकाळी गल्ल्यावर बसून चालवत असल्याचं सोंग करतो. घरची धानाची शेती आहे, पण आमचा पत्ता कोणी विचारला तर गावात कापडवाल्याचं घर असंच सांगतात. लग्नांचे आहेर, म्हाताऱ्यांची धोतरं, मानाचे दुपट्टे, सगळं माझ्या हातून गेलं. दुपट्टा म्हणजे आमच्याकडे पुरुषाच्या खांद्यावरचं कापड. पाहुण्याचा मान करायचा झाला की नारळासोबत तोच खांद्यावर टाकतात. आमच्या पंचक्रोशीत असा क्वचितच कोणी बाप्या असेल ज्याच्या खांद्यावर माझ्या दुकानातला दुपट्टा पडलेला नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरातून एक दुपट्टा मिळू नये, हे दुःख कोणाला सांगायची सोय नाही. लोक हसतील.

हे पानांचं खूळ मुलीने आणलं. ती सुट्टीला आली होती आणि मोबाईलवर तिने आईला कापडावर पानं छापणारी कोणी बाई दाखवली. दोघींनी दुपारभर अंगणात पसारा घातला. मुलगी दोन दिवसांनी नागपूरला परत गेली, तिचं खूळ तिच्याबरोबर गेलं. बायकोचं राहिलं.

आमच्याकडे दुपारचं जेवण झालं की मी आत पलंगावर आडवा होतो, आणि पलंगावरून मागचं अंगण दिसतं. त्यामुळे तिचं दुपारचं सगळं काम मी पाहिलेलं आहे. हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं कापड ती तुरटीच्या पाण्यातून काढायची. एका मडक्यात जुने खिळे आणि गूळ घालून पाणी मुरवत ठेवलेलं असायचं, त्याचा वास गल्ल्यापर्यंत यायचा. त्या पाण्यात पान बुडवायचं, निथळायचं, शिरांची बाजू खाली करून कापडावर मांडायचं. मग बांबूच्या दांड्याला सगळं घट्ट गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाफेवर ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी सोडलं की कापडावर पान उमटलेलं असतं, शिरांसकट.

यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मला राग आला तो तिची बोटं पाहून. एकेक पान ती हातात घ्यायची, उजेडात धरायची, उलटं करायची, देठाकडून टोकाकडे बोट फिरवून सपाट करायची. मांडून झालं की मान वाकडी करून पाहायची आणि पुन्हा उचलून जरासं सरकवायची. माझं जेवणाचं ताट ती चालता चालता ठेवते. माझा सदरा खुंटीवर लांबूनच टाकते आणि तो बरोबर लागतो, इतकी सवय झालेली आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे तिने असं उजेडात धरून कधी पाहिल्याचं आठवत नाही. एका एरंडीच्या पानाचा मला हेवा वाटला, हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटला.

पानांवरची जळफळ मी पलंगावर कूस बदलून जिरवली असती. पण मग साळा आला.

आमचं गाव धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत आहे. बांधावर बाभळी, गावात चिंच, आंबा, बस. सागाचं कोवळं पान इथे मिळत नाही, आणि बायकोला सागच पाहिजे होता, कारण त्याचं कोवळं पान चुरलं तरी हाताला लाल रंग लागतो. तिचं माहेर देवरीकडचं, जंगलातलं. तिने माहेरी फोन लावला आणि पुढच्याच आठवड्यात एक माणूस ओल्या पोत्यात पानं घेऊन दारात उभा राहिला. देवरीच्या बसने गोंदियाला उतरला होता आणि तिथून काळीपिवळीत पोतं मांडीवर घेऊन आला होता.

हा तिचा सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावसही नाही. तिच्या माहेरच्या गल्लीतला. लहानपणी दोघं एकाच झाडाखाली मोहफुलं वेचायची. पण माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, असा आमच्याकडचा कायदा आहे. त्यामुळे तो माझा साळा झाला आणि मी त्याचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा. या कायद्यात एक मोठी अडचण अशी की साळ्याबद्दल तोंडातून शब्द काढता येत नाही. परका पुरुष दर पंधरवड्याला घरी येऊन बायकोला पोतंभर काहीतरी देत असता तर मी चार गोष्टी विचारल्या असत्या. भावाला काय विचारणार? चहा द्या, पंखा लावा, जेवून जा म्हणा.

तेंदूपत्त्याच्या हंगामात तो फडीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, मुनशी असायचा, पानांचे पुडके मोजून घ्यायचा. बाकी वर्षभर थोडी शेती. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगतो, म्हणजे नंतर जे म्हणेन ते म्हणायला मी मोकळा. हसताना त्याचे सगळे दात दिसतात आणि या वयात ते सगळे आहेत. आल्या आल्या तो पोतं अंगणात ओतायचा आणि दोघं त्या ढिगाच्या दोन बाजूंना बसायची. हे पान घे, हे टाक, याला किडीने खाल्लं, हे जून झालं. मधेच माहेरचं कोण मेलं, कोणाची म्हैस विकली, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली. बायको त्याच्याशी ज्या वेगाने बोलायची तो वेग मी ऐकलेलाच नव्हता. तिकडची बोली, मधेच छत्तीसगढी शब्द, आणि हसणं. ती पदर तोंडाला लावून हसते हे मला माहीत होतं. पदर न लावताही हसते, हे पलंगावर पडल्या पडल्या समजलं.

मी एकदोनदा बाहेर जाऊन बसलो. मी बसलो की दोघंही शहाण्यासारखी बोलायला लागायची. तो मला धानाला पाणी मिळालं का विचारायचा. मी म्हणायचो मिळालं. मग तिघंही पानांकडे पाहत बसायचो. शेवटी मी पाण्याचं निमित्त करून उठायचो आणि माझी पाठ फिरली की मागे पुन्हा हसणं सुरू व्हायचं. माझ्यावर हसत नसतील, पण हसण्याला काय लेबल असतं थोडंच.

श्रावणात बायकोने एक दुपट्टा काढला. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड होतं. त्यावर दोन्ही टोकांना सागाची कोवळी पानं. सोडला तेव्हा मी मुद्दाम अंगणात गेलो होतो. खोटं कशाला बोलू, आयुष्यभर मी छापील माल विकला, सुरतेचा, अहमदाबादचा, पण तसं काम माझ्या दुकानात कधी आलं नाही. पानांचा रंग लालसर जांभळा उतरला होता, एकेक शीर मोजून घ्यावी. आणि कापड दुमडून गुंडाळलेलं असल्यामुळे प्रत्येक पानासमोर त्याचं जोडीचं पान उमटलं होतं, समोरासमोर बसल्यासारखं. तिने तो दोरीवर वाळत घातला. मी पुढून पाहिला, मागून पाहिला. दुपट्टा होता, म्हणजे पुरुषाचा होता. मुलगा दुपट्टा वापरत नाही, तो टी-शर्टवाला. घरात दुपट्टा वापरणारा पुरुष एकच.

तिला मला चकित करायचं असेल, तर करू दे म्हटलं. त्या आठवड्यात मी बायकोशी फार चांगला वागलो. भाजीत मीठ कमी पडलं तर उठून घेतलं. एक पांढरा सदरा इस्त्रीला दिला, दुपट्ट्याच्या रंगाखाली पांढरा चांगला दिसेल म्हणून.

राखीच्या दिवशी साळा आला. सोबत पोतं होतंच. बायकोने पाट मांडला, ओवाळलं, राखी बांधली. ताट धरून मी बाजूला उभा होतो, म्हणजे तबकातला दिवा विझू नये म्हणून मला उभं केलं होतं. त्याने ओवाळणी टाकली. मग तिने आतल्या खोलीत जाऊन नारळ आणला, आणि नारळाबरोबर तो दुपट्टा. घडी मोडली आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर टाकला. सागाचं पान बरोबर त्याच्या छातीवर आलं.

त्याने तो दोन्ही हातांनी सरळ केला, वाकून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाटवाजी, तुमच्या दुकानात नाई भेटत असा."

मी म्हटलं नाही भेटत. माझ्या हातातल्या ताटात दिवा जळत होता आणि छातीत मी. रात्री बायकोने विचारलं की जेवले काऊन नाही, तर मी म्हटलं पोट दुखते. ते अगदी खरं होतं.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा तोच दुपट्टा घालून आला. काळीपिवळीत लोक विचारतात म्हणे. देवरीच्या स्टँडवर एका मास्तराने हात लावून पाहिला म्हणे. या सगळ्या हकिगती तो अंगणात बसून सांगायचा आणि बायको मान खाली घालून पानं निवडत ऐकायची. चेहऱ्यावर काही दाखवायची नाही, पण पानं निवडायचा वेग कमी व्हायचा. एकदा तो हात धुवायला मोरीवर गेला आणि दुपट्टा खुर्चीवर राहिला. मी इकडेतिकडे पाहिलं, अंगठा जिभेला लावला आणि पानावर घासला. कापडवाल्यांची ही जुनी परीक्षा, कच्चा रंग लगेच अंगठ्याला येतो. अंगठा कोरा निघाला. पुन्हा घासला, पुन्हा कोरा. एवढ्या धुण्यानंतरही रंग जागचा हलला नव्हता. मला जरा तरी समाधान मिळायला पाहिजे होतं, तेही त्या दुपट्ट्याने दिलं नाही.

तिला सरळ विचारायला काय झालं होतं, असं कोणीही म्हणेल. मीही स्वतःला म्हटलं. पण मागून घेतलेला मान हा मान नसतो. लग्नघरात काही माणसं मांडवात उभी राहून आपला दुपट्टा मागून घेतात, त्यांच्याकडे आम्ही कसं पाहतो ते मला माहीत आहे. तिने आपण होऊन करावा, घडी मोडून खांद्यावर टाकावा, एवढंच मला पाहिजे होतं. आणि ते घडायची काही चिन्हं नव्हती. साळ्यानंतर सायकल दुरुस्तीवाल्याच्या बायकोला टेबलक्लॉथ मिळाला.

नवरात्राच्या आधी बायको चार दिवस मुलीकडे नागपूरला गेली, आणि मी ठरवलं की आपणच करायचा.

आता हे नीट ऐका. चांगला करायचा, तिच्यापेक्षा वरचढ करायचा, खांद्यावर टाकून चारचौघांत जायचं आणि ती विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोणी केला, असं तिने विचारावं. त्या प्रश्नासाठी माझा सगळा खटाटोप होता. साळ्याच्या घरी नातीचं बारसं होतं, आम्हाला जायचंच होतं. त्याच्याच दारात, त्याच्याच दुपट्ट्यासमोर माझा दुपट्टा उभा करायचा, असा बेत.

सागाची पानं पोत्यात थोडी उरली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. हिरडा होता, तुरटी होती, खिळ्यांचं मडकं होतं. कापड मी दुकानातून आणलं. जुनंपानं कशाला, कापडवाल्याने आपला दुपट्टा चांगल्या मालाचा करावा. नव्या थानातली म्हणजे ताग्यातली मलमल काढली, पांढरी, कडक, हात फिरवला तर कुरकुर वाजणारी. मुलाने विचारलं कोणासाठी, मी म्हटलं गिऱ्हाइकासाठी. दुपारी दार लावून मी अंगणात बसलो. हिरड्याच्या पाण्यातून कापड काढलं, वाळवलं, तुरटी दिली. पलंगावरून जे जे पाहिलं होतं ते ते केलं. पान उजेडात धरलं, उलटं केलं, बोट फिरवून सपाट केलं. माझी बोटं जाड, पण कापडाची सवय आहे त्यांना. गुंडाळताना मात्र तिच्यापेक्षा मी घट्ट गुंडाळलं, थान गुंडाळण्यात माझं आयुष्य गेलं. संध्याकाळी वाफेवर ठेवलं. सून घरात होती, तिने पाहिलं असेल, पण ती शहाणी आहे.

दुसऱ्या दिवशी सोडलं आणि मी स्वतःच थक्क झालो. साळ्याच्या दुपट्ट्यापेक्षा रंग दुप्पट गडद. लाल म्हणजे लालच, पानाची किनार तर कात्रीने कापल्यासारखी. कापडाचा कडकपणाही तसाच, त्यामुळे प्रेसने छापल्याचा भास व्हावा. मी तो सावलीत वाळवला, हलकी इस्त्री फिरवली आणि कपाटात सदऱ्यांखाली दडवला. अंगठ्याची परीक्षा घ्यायचं सुचलं नाही. आपल्या मालाची कोण घेतो?

आता माझी चूक काय झाली ते सांगतो, कारण ती माझ्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकते. नव्या कापडाला गिरणीत खळ दिलेली असते. खळीने कापड भरदार दिसतं, हाताला कडक लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. दुकानदाराचं अर्धं प्रेम त्या खळीवर असतं. तिच्यावर रंग चढवला तर तो कापडाला धरत नाही, वर खळीतच बसून राहतो आणि पाणी लागलं की खळीबरोबर निघून जातो. बायको म्हणूनच जुनं कापड घेते, आणि नवं घेतलंच तर आधी सोडा टाकून उकळते आणि दगडावर आपटते. पण हे काम ती सकाळी करते. सकाळी मी गल्ल्यावर असतो.

बारशाच्या दिवशी आम्ही पहिल्या बसने निघालो. मी पांढरा सदरा घातला होता आणि दुपट्टा पिशवीत ठेवला होता. गोंदियाच्या स्टँडवर देवरीची बस लागल्यावर तो काढला आणि खांद्यावर टाकला, जणू रोजच टाकतो. बायकोने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे करून दुपट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलं, चोळल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मी वाट पाहत होतो. ती म्हणाली, खिडकीची जागा धरा.

देवरीपर्यंत तिने तो प्रश्न विचारला नाही. मी तीन वेळा दुपट्टा नीट केला.

त्या दिवसांत आमच्याकडचा उकाडा कसा असतो ते इथल्याच माणसाला माहीत. पाऊस गेलेला, धान लोंबीवर आलेला, वारा बंद. साळ्याच्या अंगणात मांडव होता, मांडवात माणसं भरलेली, एक पंखा आणि तो पाळण्याकडे. मला मानाने पुढे बसवलं. साळा इकडून तिकडे फिरत होता, खांद्यावर त्याचा दुपट्टा. त्याने माझा पाहिला, तोंडभरून म्हणाला वा भाटवाजी, आणि आणखी चौघांना बोलावून दाखवला. त्याचा तो चांगुलपणाही मला सहन होईना, पण माणसं माझ्या खांद्याकडे पाहत होती आणि मी ताठ बसलो होतो. बायको बायकांत बसली होती. तिथून ती माझ्याकडेच पाहत होती, आणि यावेळी मी माझ्या हिशेबाने जिंकत होतो.

घाम गळ्यावरून खांद्यावर उतरला. मला काही जाणवलं नाही. पाळण्यात नाव ठेवून झालं, पेढे फिरले, आणि माझ्या मागे बसलेल्या एका म्हातारीने मला हलवलं. "अजी बापू, तुमच्या सदऱ्याले रगत लागलं काय?"

मी मान वळवून पाहिलं. खांद्यापासून छातीपर्यंत पांढरा सदरा लाल झाला होता. दुपट्टा ओला होऊन चिकटला होता आणि त्यातली पानं पातळ होऊन सदऱ्यावर उतरत होती. किनारी विरघळल्या होत्या. बसल्या जागी माझ्या मालाची परीक्षा होत होती आणि सगळा मांडव पाहत होता. कोणीतरी खरंच घाबरून पाणी आणलं, दुसऱ्याने विचारलं की पडले काय. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, नवं कापड आहे, एका पाण्यातून काढून घ्या. माझे शब्द मलाच ऐकू आले.

हसू फुटायच्या आत साळा आला. त्याने माझ्या खांद्यावरचा तो चिखल अलगद काढला, पिळला, बाजूला ठेवला. मग स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या खांद्यावर टाकला, डाग झाकले जातील असा पुढून पसरून. हलक्या आवाजात म्हणाला, "राहू द्या भाटवाजी, हा पक्का हाय."

साळ्याच्या घरचा मान नाकारता येत नाही. ज्या दुपट्ट्यासाठी श्रावणापासून माझी झोप गेली होती तो माझ्या अंगावर होता, मऊ, थंड, एक थेंब रंग न सोडणारा. आणि तो मला त्याने दिला होता. तिने त्याला दिला आणि त्याने मला. त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. आमगाव आलं. मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, सकाळी तू हात लावून पाहिला तेव्हाच तुला समजलं होतं ना. ती हो म्हणाली, बोटाला खळ लागली. मग सांगितलं काऊन नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही कापडवाले, मी तुम्हाला काय सांगू.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "कायले केला?"

मांडवात उभं राहून मान मागणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. एसटीत बसून मी मागितला. "तू त्याले देल्ला. मले नाई देल्ला. म्हनून केला." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच निघालं. ती पानांशी बसते, त्याच्याशी हसते, सायकलवाल्याच्या बायकोला देते, मी पलंगावरून पाहतो, माझा जीव जळतो, हे सगळं. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून पाहून गेला.

मला वाटलं ती हसेल किंवा चिडेल. तिने दोन्ही केलं नाही. बाहेर पाहत म्हणाली, "तुमचं राखीपासून जळून राह्यलं. माहं लगनापासून."

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, तुझं कशावरून?

मग तिने सांगितलं, आणि जराही आवाज न चढवता सांगितलं. दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे, मध्ये एक पडदा. नवी नवरी म्हणून आली त्या दिवसापासून तिने चुलीपाशी बसून माझं दुकान ऐकलं. मी गिऱ्हाईक बाईला लुगडं स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचो. ताई, तुमच्या रंगाला मोरपंखी खुलेल. वहिनी, तुम्ही उंच आहात, मोठा काठ घ्या. तुम्हाला डाळिंबी, तुम्हाला हिरवा, तुमच्या डोळ्यांना निळा. गावातली बाई, परगावची बाई, म्हातारी, पोरगी, प्रत्येकीला. माझं धंद्याचं बोलणं होतं ते, मनात काही नव्हतं, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. तेही तिला माहीत होतं.

"भाऊले सागाचा लाल खुलते, हे मले पाहिल्याबरोबर समजलं. म्हनून त्याले देल्ला," ती म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मले कोनता रंग खुलते, सांगा."

हा काय प्रश्न झाला? उंबरठ्यावर पाय ठेवलेल्या बाईला खुलणारं लुगडं मी ती बसण्याआधी काढून ठेवायचो. मी तिच्याकडे पाहिलं. खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्या गालावर येत होती, केस कानापाशी पांढरे झाले होते, अंगावर कोणतंसं राखाडी लुगडं होतं, ते मीच कधीतरी आणलेलं असणार. मोरपंखी जिभेवर आला. डाळिंबी आला. दुकानातली सगळी वाक्यं एकामागून एक आली आणि प्रत्येक वाक्य तिने पडद्यामागून आधीच ऐकलेलं होतं, दुसऱ्या कोणासाठी म्हटलेलं. तिला देण्यासारखं कोरं असं एकही माझ्याकडे शिल्लक नव्हतं.

गोंदियाच्या अलीकडे ती म्हणाली, घाई नाही, सांगाल तेव्हा तुमचा दुपट्टा करीन. आणि पिशवीतून काढून मला पेढा दिला.

त्याला आता बरेच दिवस झाले. साळ्याचा दुपट्टा खुंटीवर आहे, मी तो वापरत नाही. साळा अजून पोतं घेऊन येतो, दोघं ढिगाच्या दोन बाजूंना बसतात. मी दुपारी झोपत नाही. दारात खुर्ची टाकून बायकोकडे पाहत बसतो, तिने आज कोणतं नेसलं आहे, पदराचा रंग गालावर कसा पडतो ते. कधी वाटतं जमलं, आणि ती उन्हातून सावलीत सरकते. साळ्याला विचारलं तर तो पान निवडता निवडता, मान वर न करता तिचा रंग सांगेल, याची मला खात्री आहे. म्हणूनच मी त्याला विचारत नाही.